भद्रावतीत दोन दिवस: कुंभाराचं चाक, विजासनची लेणी आणि इरईचा काठ

नागपूरहून ताडोबाकडे निघालेल्या बहुतेक गाड्या भद्रावतीत तर्री पोहे आणि चहापुरत्या थांबतात आणि पुढे जातात. मला याचं फार वाईट वाटतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात मातीकामाची जिवंत परंपरा आहे, डोंगराच्या पोटात कोरलेली बौद्ध लेणी आहेत, प्राचीन दगडी पूल असलेला तलाव आहे. पश्चिमेला वर्धा नदी वाहते, पूर्वेला इरई. या दोन नद्यांच्या मधला हा टापू नीट बघायचा तर एक मुक्काम तरी हवा. हा मुक्काम कसा आखावा, कुंभाराच्या चाकाजवळ कसं बसावं, काय विकत घ्यावं आणि ते फुटू न देता घरी कसं न्यावं, हे इथे क्रमानं सांगतो.

आधी महिना ठरवा

इथे सहल आखताना हॉटेलच्या आधी मातीचं वेळापत्रक बघावं लागतं. कुंभाराचं वर्ष सणांवर आणि उन्हावर चालतं. फेब्रुवारीपासून माठ आणि रांजणांची घाई सुरू होते, ती मे महिन्यापर्यंत चालते. मध्ये अक्षय तृतीया येते. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाणी भरून पुजायला नवी घागर लागते, म्हणून त्याआधीचे आठ-पंधरा दिवस कुंभाराला मान वर करायलाही वेळ नसतो. पावसाळ्यात कच्ची भांडी वाळत नाहीत, आवा, म्हणजे भांडी भाजायची उघडी भट्टी, पेटवणं जोखमीचं होतं, आणि काम मंदावतं. पोळ्याला मातीचे बैल, मग गणपती, त्यानंतर भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या पोरी ज्यांच्यासमोर गाणी म्हणतात, त्या भुलाबाई-भुलोजीच्या रंगीत मूर्ती ही आपल्या भागाची खास वस्तू आहे. लगोलग घटस्थापनेचे घट आणि दिवाळीच्या पणत्या. संक्रांतीला सुगडी.

तेव्हा भरपूर वस्तू एकत्र बघायच्या असतील तर दसरा ते दिवाळीच्या मधले दिवस उत्तम. पण चाकावर हात ठेवून शिकायचं असेल, तर डिसेंबर-जानेवारीत या. दिवाळीची धांदल संपलेली असते, माठांची सुरू व्हायची असते, आणि बोलायला माणसांकडे वेळ असतो. हवाही चांगली. मुलांना घेऊन एप्रिल-मे टाळलेलाच बरा, चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी आहे. तरी त्याच दिवसांत यावं लागलं, तर सकाळी दहाच्या आत बाहेरची कामं उरकायची, दुपारी सावली धरायची आणि साडेचारनंतर पुन्हा निघायचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात दीक्षा दिली होती. त्या निमित्तानं १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो. तो सोहळा अनुभवण्यासारखाच आहे. मात्र त्या दोन दिवसांत एसटी, रेल्वे आणि राहण्याच्या खोल्या, सगळंच भरलेलं असतं. सोहळ्यासाठी येणार असाल तर खोली फार आधी ठरवा, नाहीतर तारखा पुढे-मागे करा.

पोहोचायचं कसं

गाडीनं नागपूर, बुटीबोरी, जाम, वरोरा आणि भद्रावती असा सरळ रस्ता आहे. नागपूरहून अडीच ते तीन तास धरा. नागपूर-चंद्रपूर एसटी याच वाटेनं जाते. रेल्वेनं येणाऱ्यांनी तिकीट काढताना 'भद्रावती' शोधत बसू नये. स्टेशनचं नाव जुनंच आहे, भांदक. ते दिल्ली-चेन्नई मार्गावर वर्धा आणि बल्लारशा यांच्या मधे येतं. बऱ्याच जलद गाड्या इथे थांबत नाहीत, तेव्हा चंद्रपूरला उतरून साधारण पंचवीस किलोमीटर मागे येणं सोयीचं पडतं.

नागपूरकडून येत असाल तर वाटेत वरोऱ्याला आनंदवनात थांबा. बाबा आमट्यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं हे गाव आहे. तिथे हातमाग, शिवणकाम आणि हस्तकलेचे विभाग चालतात. आत गेल्यावर आधी कार्यालयात नाव सांगायचं आणि ते देतील त्या माणसाबरोबरच फिरायचं. माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

राहायला भद्रावतीत लॉज आहेत. जैन मंदिराची धर्मशाळा आणि भोजनशाळा आहे, तिथे त्यांचे नियम पाळावे लागतात. पर्याय जास्त हवे असतील तर चंद्रपूर. जंगलात पहाटे जायचं असेल तर दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ताडोबाच्या प्रवेशद्वाराजवळच्या मोहर्लीला ठेवा.

पहिली सकाळ चाकाजवळ

भद्रावतीच्या मातीकामाला दोन अंगं आहेत, आणि दोन्ही बघितल्याशिवाय गाव कळत नाही.

पहिलं अंग ग्रामोदय संघाचं. गांधी विचारांचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात इथे ही संस्था उभी केली. कुंभाराचा धंदा टिकायचा तर त्याच्या हाताला नवं तंत्र मिळालं पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. सुधारलेली चाकं, जास्त तापणाऱ्या भट्ट्या, चकाकी दिलेली भांडी आणि कारागिरांचं प्रशिक्षण असं काम इथे झालं. भद्रावतीचं नाव मातीकामासाठी महाराष्ट्राबाहेर गेलं, त्याचं मोठं श्रेय या संस्थेला जातं. कोळशाच्या या पट्ट्यात उष्णता सोसणारी अग्निमृत्तिकाही सापडते. कठीण भाजणीच्या कामाला अशीच माती लागते.

भेटीची रीत साधी आहे. आधी फोन करून विचारायचं की अमुक दिवशी आलो तर काम चालू असेल का, आणि बघायला परवानगी मिळेल का. कामाचा दिवस निवडा, रविवार किंवा सण नको. सकाळी लवकर पोहोचा, कारण चाकाचं काम सकाळच्या गारव्यात जोरात असतं. भट्टी कधी उघडणार आहे हेही विचारून ठेवा. भट्टीतून भांडी बाहेर निघताना बघायला मिळालं, तर दिवसाचं बाकीचं वेळापत्रक खुशाल बदला.

दुसरं अंग घरच्या कुंभाराचं. भद्रावतीत आणि आसपासच्या खेड्यांत अंगणात चाक असलेली घरं आहेत. तिथे पाटी नसते. गावात शिरून कोणालाही विचारलं की घर दाखवतात. अंगणात पाय ठेवण्याआधी हाक द्यायची. वडीलधाऱ्यांना 'काकाजी', बाईमाणसांना 'मावशी' किंवा 'काकू'. "काकाजी, थोडा वेळ बसून पाहू काय?" एवढं विचारलं की "बसा नं जी, पहा" असं उत्तर बहुतेक येतंच. वाळत घातलेल्या कच्च्या भांड्यांना हात लावायचा नाही, आणि लहान मुलांना त्या रांगांमध्ये धावू द्यायचं नाही. तासभर बसलात तर निघताना काहीतरी विकत घ्या. माणूस काम थांबवून शिकवत असेल तर त्या वेळाचे पैसे वेगळे द्या, आणि किती द्यायचे ते बसण्याआधीच विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. त्याची सकाळ हीच त्याची कमाई आहे.

आता काय बघायचं ते. तलावाची गाळमाती आणून वाळवतात, फोडतात, चाळतात, मग भिजत घालतात. त्यात राख, बारीक रेती किंवा लीद मिसळतात. त्यामुळे भांडं वाळताना तडकत नाही, आणि लीद भाजताना जळून गेली की बारीक छिद्रं राहतात. माठाचं पाणी गार होतं ते या छिद्रांमुळेच. मग पायानं तुडवून माती एकजीव करतात. हे काम दिसायला सोपं आहे, पण खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर भांडं आव्यात फुटतं.

चाकावर फक्त गळा आणि वरचा भाग पूर्ण होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोठा माठ चाकावरून उतरतो तेव्हा जाड आणि बुटका असतो. तो थोडा सुकला की आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत त्याचं पोट वाढवतात. घरातल्या बायका हे काम फार सफाईनं करतात. त्या ठोक्यांचा आवाज ऐकत बसा. भिंत पातळ होत जाते तसा तो बदलतो, आणि कारागीर त्या आवाजावरूनच कुठे थांबायचं ते ठरवतो. मला विचाराल तर सगळ्या कामात बघण्यासारखी गोष्ट हीच आहे. लोक मात्र चाकाचा व्हिडिओ काढून निघून जातात.

त्यानंतर सावलीत वाळवणं, गेरूचा हात, आणि आवा. गोवऱ्या, लाकूड, तणस यांच्या थरात भांडी रचून वरून राख-मातीनं झाकतात. आग हळूहळू चढवतात आणि विझल्यावरही घाईनं उघडत नाहीत. उघड्या आव्यात साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापमान जातं, म्हणून भांडं लाल आणि सच्छिद्र राहतं. बंद भट्टीत बाराशे अंशांपुढे भाजलेलं चकाकीचं भांडं दगडासारखं कठीण होतं आणि पाणी पाझरू देत नाही. दोन्ही एकाच दिवशी हातात घेऊन बघितली की हा फरक न सांगता समजतो.

स्वतः हात लावणार असाल तर

नखं कापून या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, जुने सुती कपडे घाला. गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर बसवणं हे सगळ्यात अवघड, आणि पहिला अर्धा तास त्यातच जातो. जाऊ द्या. कोपरं मांड्यांवर घट्ट टेकवा, म्हणजे हात हलणार नाहीत. मातीनं हातांना ढकललं तरी हात जागचे हलता कामा नयेत, जोर लावण्याची गरज नसते. हात ओले ठेवा, पण मातीवर पाणी ओतू नका. पाणी जास्त झालं की भिंत बसते. गोळा स्थिर झाला की अंगठ्यानं मधोमध खड्डा करा, तळाला बोटभर माती राहू द्या. मग एक हात आत, एक बाहेर, आणि सावकाश वर. पहिल्यांदा वाटी किंवा पणतीच करा, माठाच्या मागे लागू नका.

हे भांडं त्याच दिवशी घरी नेता येत नाही. ते आठवडाभर तरी वाळायला हवं आणि पुढच्या भाजणीत जायला हवं. वाळताना-भाजताना ते आक्रसतं, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा की वाटी थोडी लहान होईल. परत यायचं असेल तर खाली नाव कोरून ठेवून जा.

दुपारनंतर गाव

ऊन उतरलं की विजासनच्या लेण्यांकडे निघा. गावापासून दोनेक किलोमीटरवर टेकडी आहे. लेणं सरळ डोंगरात शिरतं. लांब अंधारी वाट, टोकाला बसलेली भव्य बुद्धमूर्ती, आणि बाजूंना निघालेली दालनं. मोबाइलचा प्रकाश अपुरा पडतो, चांगला टॉर्च न्या. आत वटवाघळं असतात, मुलांना आधीच सांगा. हे पर्यटनस्थळ आहे तसंच वंदनेचं ठिकाणही आहे. पादत्राणं बाहेर काढा, आवाज खाली ठेवा, वंदना चालू असेल तर संपेपर्यंत थांबा.

तिथून डोलारा तलाव. तलावातल्या बेटावर जाणारा प्राचीन पूल दगडी खांबांवर उभा आहे. पाणी कमी असताना खांबांची रचना स्पष्ट दिसते. काठावर शेवाळ असतं, जपून पाय टाका. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमनं एकोणिसाव्या शतकात हा परिसर तपासला आणि चिनी प्रवासी युआन श्वांगनं वर्णन केलेल्या कोसल देशाची राजधानी म्हणजे हेच भांदक, असा तर्क मांडला. सगळे अभ्यासक तो मानत नाहीत. गावाच्या प्राचीनपणाला मात्र इतर पुरावे आहेत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इ.स. ७७२ चा ताम्रपट भांदकलाच मिळाला.

वेळ उरला तर भद्रनागाचं देऊळ, विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा गवराळ्याचा वरदविनायक, आणि 'स्वप्नदेव' म्हणून ओळखलं जाणारं केसरिया पार्श्वनाथाचं जैन मंदिर. नागपंचमीला भद्रनागाकडे मोठी गर्दी असते. ही पाचही ठिकाणं एका संध्याकाळी घाईनं उरकण्यापेक्षा दोन निवडा. माझी निवड लेणी आणि डोलारा.

दुसरा दिवस: पाणी आणि जंगल

इथे दोन दिशा आहेत, आणि एका दिवसात एकच नीट होते.

पूर्वेला मोहर्ली. ताडोबा हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. मोहर्लीचं प्रवेशद्वार इरई धरणाच्या जलाशयाजवळ आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला याच धरणातून पाणी जातं. गाभा क्षेत्राची सफारी ऑनलाइन आरक्षणाशिवाय मिळणार नाही असं धरून चला, आणि सुट्टीच्या दिवसांसाठी फार आधी हालचाल करा. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर ते पूर्ण बंद राहतं, गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्यातली काही द्वारं मात्र सुरू असतात. आरक्षणात ज्याचा क्रमांक दिला असेल ते मूळ ओळखपत्र सोबत हवं. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, फोटो काढायचे तर वेगळा कॅमेरा आणा.

गाभ्याची जागा मिळाली नाही म्हणून हिरमुसून जाऊ नका. बफरमध्ये आगरझरीला फुलपाखरू उद्यान आहे, आणि इरईच्या जलाशयावर नौकाविहार होतो. तो पाणी, वारा आणि ऋतू बघून चालू-बंद होतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. जीवरक्षक जॅकेट नसेल तर नावेत बसू नका, मग नाववाला कितीही ओळखीचा असो. हिवाळ्याच्या सकाळी दुर्बीण घेऊन काठावर बसलात तर स्थलांतरित बदकं दिसतात. पाण्यात मात्र उतरायचं नाही, या भागातल्या जलाशयांत मगरी आहेत.

पश्चिम-दक्षिणेला वर्धा नदी. घुग्घुसजवळ वढा गावाला वर्धा आणि पैनगंगेचा संगम आहे. कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते. एरवी शांत असतं, आणि पलीकडच्या तीरावर जुगादचं जुनं देऊळ आहे. वनभोजनाला चांगली जागा. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे महिनाभर पात्रात उतरू नका. वाळूचे उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी लवकर चढते.

वाघाबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. भद्रावती आणि चंद्रपूरच्या आसपास वाघ फक्त अभयारण्यात राहत नाही. आयुध निर्माणीच्या झुडपी परिसरात, कोळसा खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांवर, शेतांच्या बांधांवर त्याचा वावर असतो. मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला जाणारे कितीतरी गावकरी या जिल्ह्यात जिवाला मुकले आहेत. म्हणून पहाटे अंधारात किंवा सूर्य मावळल्यावर टेकडी, नाला, झुडपात पायी जायचं नाही, एकट्यानं तर मुळीच नाही. गावकरी "तिकडं जाऊ नका" म्हणाले की वाद न घालता परत फिरायचं.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी तर्री पोहे, दुपारी झुणका-भाकर किंवा वडा-भात, हिवाळ्यात सांबारवडी (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर). सावजी रस्सा खाणार असाल तर पुढचा प्रवास लांबचा नसेल तेव्हाच खा.

खरेदी, आणि घरापर्यंतचा प्रवास

खरेदी परतीच्या दिवशी सकाळी करा, म्हणजे भांडी दोन दिवस गाडीत हिंदकळत नाहीत. माठ उचलून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर कच्चा आहे किंवा कुठेतरी बारीक तडा आहे. आतून हात फिरवून पांढरे ठिपके शोधा. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजलेला खडा ओलावा धरून फुगतो आणि वरचा टवका उडवतो. असा माठ घेऊ नका. बाहेरचा काळपट डाग मात्र ज्वाळेचा असतो, त्यानं काही बिघडत नाही. चकाकीच्या भांड्यांबाबत एकच प्रश्न विचारा: यात जेवण, लोणचं ठेवता येतं का? शोभेच्या वस्तूंचा रंग पोटात जाण्यासारखा असेलच असं नाही. घासाघीस मोठ्या दुकानात करा. अंगणातल्या कुंभाराकडे सांगितलेली किंमत द्या.

बांधायला तणस किंवा जुन्या चादरी. भांड्याच्या आतही भरा, नुसती बाहेरून गुंडाळू नका. माठ गाडीत पायांच्या जागेत, तोंड वर करून ठेवा. रेल्वेनं जात असाल तर बाकाखाली भिंतीला लावून.

घरी आल्यावर माठ एक पूर्ण दिवस पाण्यात बुडवून किंवा भरून ठेवा, ते पाणी फेकून द्या. आत साबण कधीच लावायचा नाही, तो छिद्रांत बसतो आणि पाण्याला वास येतो. नारळाच्या काथ्यानं घासलं की पुरे. माठ वारा लागेल अशा जागी, ओल्या रेतीवर ठेवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाझरलेलं पाणी भराभर उडतं, म्हणून गारवा चांगला येतो. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ तितकं गार करणार नाही, तिकडच्या पाहुण्यांना हे सांगून ठेवा. मातीचा तवा किंवा हंडी असेल तर रात्रभर भिजवून, सुकवून, पहिल्यांदा त्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळा. तापलेल्या भांड्यावर गार पाणी टाकू नका. दोन महिन्यांनी माठ गार करेनासा झाला, तर तो रिकामा करून काथ्यानं आतून-बाहेरून घासा आणि दिवसभर उन्हात उलटा ठेवा. छिद्रं मोकळी झाली की तो पुन्हा पाझरायला लागतो.